पाच तारीख

पाच तारखेला वीस रुपये कापायचे,
एकदाच.
यंदा मे महिन्यात ते दोनदा कापले गेले,
तीनशे बारा सभासदांचे.
चोपड्यात त्या दिवशी पारा सेहेचाळीसवर होता,
सर्व्हरचंही डोकं फिरलं असेल,
असं मी कुणाला कळवलं नाही.

संस्था म्हणजे बियाण्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या.
बँकांनी, कॉलेजांनी टाकून दिलेले संगणक आम्ही उघडतो,
धूळ फुंकतो, फुकटची प्रणाली चढवतो
आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांना देऊन टाकतो.
नफा नाही. तोटा किती, ते ऑडिटर सांगतो.
तक्रारी मी घेते.

सावद्याचे यादव भंगाळे म्हणाले,
वीस रुपयांचं काही नाही हो बोरोलेताई,
पण विचारून घ्यायचं असतं.
यावलच्या हसीना तडवींनी पासबुकाचा फोटो पाठवला,
दोन्ही नोंदींखाली लाल पेनाची रेघ,
तिसरी रेघ नुसतीच, रागाची.
धरणगावच्या एक बाई सरळ तुटून पडल्या:
"मना पैसा दोन डाव कसा कापात?
एक डाव दिधात ना मी!"
म्हटलं, ताई, सात दिवसांत परत येतील.
"लेवाले दोन मिनिट नही लागनात,
अन् देवाले सात दिन?"
याला माझ्याकडे छापील उत्तर नव्हतं.

छापील उत्तर एवढंच:
आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.
आम्ही म्हणजे मी, कोड लिहिणारा फिरोज
आणि एक पंखा, वीज असेल तेव्हा.
चाळिसाव्या पत्रापाशी मी 'आम्ही' खोडून 'मी' केलं.
त्यानंतर लोक जरा हळू बोलायला लागले,
किंवा मलाच तसं वाटलं.

सोळा तारखेला बोराडीहून जामसिंग पावरा.
आवाज शांत, म्हणजे जास्त कठीण.
"माझे का नाही कापले?"
मी सवयीनं म्हटलं, परत येतील.
"परत कशाला? गेलेच नाहीत.
सगळ्यांचे दोनदा, माझे एकदाही नाही.
मला काढलं का?"

यादी उघडली. सभासद क्रमांक एकोणीस.
कार्डाची मुदत मार्चअखेर संपलेली.
यंत्रानं तीनदा मागितले, तीनदा नकार,
मग नावापुढे आपोआप एक शब्द: निष्क्रिय.
तो शब्द आम्हीच निवडला होता
एका बैठकीत, शेव खाता खाता.
मी तो त्यांना वाचून दाखवला नाही.
म्हटलं, दादा, कार्ड तेवढं नवं करून घ्या.
ते म्हणाले, बँक शिरपूरला, मी इथं.
नात शाळेत तुमच्या संगणकावर बसते,
पावरीत काहीतरी गोष्ट लिहिते.
तिला सांगून ठेवलंय,
यातला एखादा स्क्रू आपला आहे.

आज शिरपूर गाडीचा कंडक्टर जिना चढून आला.
पाकिटात टाचणी लावलेल्या दहाच्या सहा नोटा:
एप्रिल, मे, आणि जूनचे आगाऊ.
सोबत चिठ्ठी. पावती द्या.

रोख घ्यायला आमच्या प्रणालीत रकानाच नाही.
फिरोज म्हणाला, दोन आठवड्यांत करून देतो.
मला धरणगावच्या बाई आठवल्या.
कपाटाच्या तळाशी जुनं पावतीपुस्तक निघालं,
कार्बन वाळलेला, शेवटची पावती चारशे सतरा,
चार वर्षांपूर्वीची,
माझ्या आधीच्या कुणाच्या तरी तिरक्या अक्षरात.
चारशे अठरावर मी दाबून लिहिलं,
श्री. जामसिंग पावरा.
खालच्या प्रतीवर उमटेना.
पुन्हा गिरवलं.
नाव दोनदा झालं, रक्कम एकदाच,
साठ रुपये फक्त.
कंडक्टर दारात घाम पुसत म्हणाला,
ताई, आटपा, गाडी माझ्यासाठी थांबलीय.
खाली ड्रायव्हर हॉर्न देत होता.